रांग जी, चौदा

सोमवारी सकाळी टॉकीज रिकामी असते, तेव्हा मी जातो.
शेंगांची टरफलं, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल.
(नेहमी एकच. दुसरी कुठं जाते, देव जाणे.)
बाबाजान टॉर्च धरतो, मी खुर्च्या मोजतो.
रांग के, दोन : चाकू. नवा असावा, कडा साफ आहेत.
के, तीन : नुसतं नखानं उकरलंय. सिनेमा रटाळ असणार.
जी, चौदा : ब्लेड. पाठीमागनं.

चाळीस वर्षं झाली शहापुरात रेग्झिन शिवतोय,
काप बघून माणूस सांगतो.
रागाचा काप वरनं खाली येतो आणि मध्येच थांबतो.
मजेचा काप वळणं घेतो, नाव लिहायला बघतो,
अर्ध्या अक्षरात ब्लेड मोडतं.
आणि पोरीच्या पाठीमागनं घातलेला काप
बारका असतो, कमरेच्या उंचीवर.
तो मी सगळ्यात आधी शिवतो, आत पत्र्याची पट्टी घालून.
पट्टीचे पैसे सावकाराला लावत नाही.

परवाच्या शनिवारी, शेवटच्या शोला,
शिट्टी कुणी मारली हे अजून कुणाला ठाऊक नाही.
एकजण ओरडला, बस की खाली!
दुसरा ओरडला, ए, कुंदर!
दोघं एकच सांगत होते.
पण तोपर्यंत शब्द कोण ऐकतंय,
लोकांनी भाषा ऐकली.
मग पट्टा, मग खुर्चीचा हात उपसून,
मग सोड्याची बाटली,
जी लुमाण्णाच्या कानाला घासून थेट पडद्यात गेली.
पडद्यावर तेव्हा एकटा वीस जणांना लोळवत होता.
टाळ्या कुठल्या मारामारीला पडल्या,
बाबाजानला सांगता येईना.
मशीनवाल्यानं सिनेमा थांबवला नाही.
म्हणतो, थांबवला असता तर अंधार झाला असता,
अंधारात किती जण गेले असते?
सिव्हिलमध्ये लुमाण्णाला तेरा टाके पडले.
पडद्याला मी नऊ घातले, शिडीवर उभा राहून,
पांढऱ्या दोऱ्यानं, जमेल तेवढे लपवून.

खाली उतरून जी चौदापाशी बसलो.
काप उजवीकडनं डावीकडं गेलेला. डावखुरा हात.
शेवटी मनगट हलकं उचललेलं,
रेग्झिन पुढं फाटू नये म्हणून.
ते उचलणं शिकवावं लागतं.
मी आयुष्यात एकालाच शिकवलंय.

जोतिबा सकाळी घरात झोपला होता,
डाव्या अंगठ्याला चिंधी.

शिट्टी नसेलच ती.
पोरीचा आवाज बारीक असतो.

बाबाजान म्हणाला, काय करूलालास रे इतका वेळ?
काय नाही, म्हटलं. दोरा गुंतला.
टॉर्च त्यानं माझ्या तोंडावर आणली नाही.
उपकार म्हणायचे.

पुढच्या शनिवारी मी तिकीट काढलं, एच तेरा.
जोतिबा आला एच चौदाला, मला बघून उभाच राहिला.
बस, म्हटलं.
बसला.
पुढं कुणाची तरी पोरगी, अबोलीचा गजरा, शेजारी तिची आई.
मी माझा हात त्याच्या डाव्या मनगटावर ठेवला.
लहानपणी कात्री धरायला शिकवताना ठेवायचो तसा नव्हे.
घट्ट.
सिनेमात काय झालं विचारू नका.
नायिका जवळ आली की तिच्या गालावर माझे नऊ टाके,
लांबनं दिसत नाहीत म्हणतात लोक.
मला तेवढेच दिसत होते.
मध्येच मागं कुठंतरी खरीच शिट्टी झाली.
तो अर्धा उठला, त्याच्याबरोबर मीही.
मागनं कुणी म्हणालं, कुंदर्री, काका, दिसत नाही.
बसलो.
त्यालाही ओढून बसवलं.

पुढच्या पोरीनं पाठ टेकली तेव्हा
आतला पत्रा जरासा वाजला.
जोतिबानं तो ऐकला.